यंदाची फुलं

जरा पुढं सरकून बसा, बाबांनो. गोष्ट एवढीशीच आहे, पण मागच्याला ऐकू आली नाही तर माझ्या जिवाला रुखरुख लागेल.

काकूंनी जास्वंदीची कुंडी कमरेवरून उतरवली आणि नर्सरीच्या फाटकाशी धापा टाकत उभ्या राहिल्या. झाड परत द्यायचं होतं. पैसे नकोत, बदली रोपही नको. हे डोळ्यांसमोरून जावं, एवढंच.

बिचाऱ्या झाडावर राग नव्हता. राग काकांवर होता, आणि काका तर देवाघरी गेलेले. कुलपं दुरुस्त करणारा साधा माणूस. गेल्या वर्षी त्यांनीच हौसेनं ही काडी आणून गॅलरीत ठेवली. पहिली कळी धरली तेव्हा काकूंनी लेकीला फोन करून सांगितलं. संध्याकाळी पाहतात तर कळी गायब. काकांनी शेंड्यासकट नखानं खुडलेली. पुढची आली, तीही खुडली. जन्म कुलपांत गेला, आता झाडालाही कुलूप घाला, असं काकू टाकून बोलल्या. काका नुसते हसले. मग घरात अबोला.

डॉक्टर काय म्हणाले होते ते दोघांनाही ठाऊक होतं. तो विषय मात्र कुणी काढत नसे. काकूंची इच्छा एकच, की जाण्याआधी या माणसानं आपल्या हातचं एक फूल बघावं. काकांनी ते बघितलं नाही, काकूंनाही बघू दिलं नाही. तसेच गेले, हट्टी कुठले.

मागं राहिल्या काकू. पेपरातलं कोडं त्या अजून अर्धंच सोडवतात, अर्धं काकांसाठी ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी ते तसंच रद्दीत जातं. आख्खा पलंग मोकळा, तरी निजतात भिंतीला चिकटूनच. सकाळी जाग येते, पण उठायचं कशासाठी, ते काही केल्या आठवत नाही. झाडाला पाणी घालायच्या, तेही तोंड फिरवून.

नर्सरीवाली बाई पन्नाशीची, बोलघेवडी. कुंडी ओळखून ती हसलीच. काकांनी बरी दुसऱ्याच्या हाती दिली, म्हणाली, रोप नेताना तर मला गोणपाटही गुंडाळू देत नव्हते. काकूंनी काय झालं ते सांगितलं. बाई पालथ्या कुंडीवर मटकन बसली.

मग तिनं झाड जवळ ओढलं आणि पानं बाजूला सारली. वर्षापूर्वीची काडी आता कुंडीभर पसरली होती. फांदीला फांदी, तिला पुन्हा फांद्या, आणि जवळजवळ प्रत्येक टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी कळी. काकूंनी हे आज पहिल्यांदा पाहिलं.

"आता येऊन काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "ते होते तेव्हा एकसुद्धा फुलू दिलं नाही त्यांनी."

बाई सांगू लागली. रोप घेताना काकांनी भाव विचारला नाही, खत विचारलं नाही. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं असतं ना, एवढं खात्रीनं विचारून घेतलं. मग बायकोला रोज सकाळी नवं फूल मिळावं, तर काय करायचं? तिनं सांगितलं, शेंडे खुडत राहा, कळीची दया करू नका. एक शेंडा खुडला की खालून दोन फुटतात, आणि जितकी टोकं तितकी फुलं. फक्त पहिलं वर्ष कोरडं जातं.

"मी म्हटलं, काका, मग यंदा घरात एकही फूल दिसणार नाही. तर म्हणाले, 'यंदा कशाला? यंदा तिला मी आहे.'"

काकूंनी डोळे पुसले नाहीत. हात मोकळे नव्हते. कुंडी पुन्हा कमरेवर चढली होती.

बाबांनो, उद्या सकाळी कुणाच्या दारी जास्वंद फुललेली दिसली, तर देवाचं नाव घ्याच. पण त्या कुलूपवाल्यालाही एकदा आठवा.