उंदरिणीचा घास

सर्दीनं डोकं जड झालं, म्हणून केतकीबाईंनी सवयीनं नवऱ्याच्याच, ओंकाररावांच्या, गोळ्यांच्या पाकिटातली गोळी काढली. तशी औषधाची बोलकी डबी म्हणाली, "ही साहेबांची. बाईच्या यकृतातून हिचा निचरा सावकाश होतो. तुमची निळी घ्या, निम्म्या ताकदीची."

"पूर्वी अख्ख्या घराला एकच पाकीट पुरायचं," ओंकारराव कुरकुरले.

"हो ना!" केतकीबाई म्हणाल्या. "बाबांची गोळी घेऊन आई दिवसभर पेंगायची आणि सगळे तिला आळशी म्हणायचे. प्रयोगशाळेत नर उंदरांबरोबर उंदरिणींवरही औषध तपासलं, तेव्हा कुठे कारण कळलं."

निळी गोळी घेण्याआधी केतकीबाईंनी भाकरीचा तुकडा मोडून खिडकीत ठेवला.

"अगं, घरात उंदीर होतील!"

"होऊ देत. माझी आई आळशी नव्हती, हे जगाला पहिल्यांदा उंदरिणीनंच सांगितलं."