रकाना नव्हता

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला सुमेध सगळ्यांच्या आधी पोहोचला, पण त्याचा चेहरा पाहून फाटक उघडलंच नाही. फाटकावरच्या पडद्यावर अक्षरं आली, ‘हिंसेची शक्यता जास्त. प्रवेश नाही.’

थोरली बहीण करिश्मा सोबत होती. ती वस्तीच्या युवा सुरक्षा समितीत होती. पालिकेच्या अशा फाटकांनी कुणाला अडवायचं, याचे नियम समितीतल्या पोरांना विचारूनच ठरले होते. तिने तिथूनच समिती चालवणाऱ्या पालिकेच्या बोर्डे मॅडमना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“मॅडम, त्याने आजवर कुणाला चापटसुद्धा मारलेली नाही.”

मॅडमनी नोंद शोधली. “बाराव्या वर्षी वडिलांवर काठी उगारली होती, असं दिसतंय.”

हे करिश्मानेच सांगितलं होतं, समितीच्या पहिल्या बैठकीत. बाबा आईला मारत होते आणि एवढासा सुमेध मध्ये उभा राहिला. सांगताना तिला रडू आलं होतं, अभिमानही वाटला होता.

“नावं कुठेच जाणार नाहीत, म्हणाला होतात तुम्ही.”

“नावं काढलीच होती गं. यंत्राने पत्त्यावरून जुळवली.”

“आणि त्या दिवशी आई वाचली, ते?”

“त्यासाठी रकाना नव्हता.”

सुमेध सगळं ऐकत होता. तो घराकडे वळला.

“कसा गेला रे पेपर?” आईने दारातच विचारलं.

“बरा गेला,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून करिश्मा खोलीत आली, की तो बोलायचा थांबे.