नऊच्या पुढे

माझ्या नातीनं, धम्मप्रियानं, गाण्यांचा छोटा डबा बनवला. इवलासा पडदा, खाली तीन बटणं. आवाज शून्यापासून नऊपर्यंत. पुढचा आकडा तिनं प्रोग्राममध्ये लिहिलाच नव्हता.

मी नऊ केलं की आकडा आपोआप सहावर उतरायचा.

"आजी, प्रोग्राम तर बरोबर हाय गं!" ती रडवेली झाली. उद्या लातूरला नोकरीच्या मुलाखतीत हाच डबा दाखवायचा होता.

मला मात्र हसू फुटलं. आमचे हे असाच माझा रेडिओ येता-जाता हळू करायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

मी पुन्हा नऊ केलं. आठ झाले. सात झाले.

"अहो, पोरीच्या नोकरीचं हाय. राहू द्या की!"

आकडा थांबला. मग चढू लागला. आठ. नऊ. आम्हां दोघींचे हात मांडीवर होते.

गाणं घरभर घुमलं. पडद्यावर दहा आले.