पांढऱ्या पायाचा

"मामा, आज तुम्ही तिकडं बसायचं," बद्रीनाथ म्हणाला आणि त्यानं आमखास मैदानाच्या पलीकडच्या बाजूला बोट केलं. पलीकडं सितारा क्लबाची माणसं बसतात. सांडूमामाला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय.

चेष्टा नव्हती. बद्रीनाथ जवान फुटबॉल क्लबाचा नवा सेक्रेटरी, क्रांती चौकात त्याचं टीव्हीचं दुकान. त्यानं आवाज खाली आणून सगळं नीट समजावून सांगितलं. पोरांच्या डोक्यात बसलंय, मामा मैदानात आले की जवानची फायनल जाते. मागच्या साली गेली, त्याच्या आदल्या साली गेली. यंदा मामा तापानं पडून होते, तर सेमीफायनल आरामात निघाली. पोरं उघड बोलतात, म्हातारा पांढऱ्या पायाचा आहे. मग बद्रीनाथनंच डोकं लढवलं होतं. हे पाय आज सिताराच्या गोटात जाऊ द्या. इकडची पीडा टळेल आणि वर त्यांना लागेल.

"क्लबासाठी एवढं नाय करणार, मामा?"

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात चार पोरांनी अनवाणी खेळून हा क्लब काढला, तेव्हापासून सांडूमामा जवानचा. स्वतःला कधी बॉल धड मारता आला नाही, पण बघायला मात्र हा सगळ्यांच्या आधी हजर. ह्याच बद्रीनाथला खांद्यावर बसवून त्यानं मॅची दाखवल्या होत्या. फायनलच्या आधी गोलखांबापाशी नारळ फोडायचा तो मामानंच, असा रिवाज पडून गेला होता. आज नारळ बद्रीनाथनं फोडला. पोरांच्या छातीवर चितेगावच्या कुठल्याशा कंपनीचं नाव छापलेलं होतं, आणि त्यातल्या एकानंही मामाकडं मान वर करून पाहिलं नाही. मामा धोतराचा सोगा सावरत मैदानाला वळसा घालून निघाला.

सिताराकडच्या हमीदभाईनं सरकून जागा दिली. दोघं आयुष्यभर समोरासमोर बसून एकमेकांच्या टीमला शिव्या घालत आलेले. "क्या मामा, रस्ता भूल गए?" त्यानं विचारलं. मामा नुसता हसला. काय सांगणार, तुमच्या गळ्यात पनवती बांधायला आलोय म्हणून?

पहिल्या हाफमध्येच जवाननं गोल केला. सलीमनं हेड मारला, आणि काय सुरेख मारला! मामा उठायला गेला आणि अर्ध्यातच अडकला. समोरची जवानची माणसं सलीमकडं बघतच नव्हती. ती मामाकडं बघून हसत होती. कुणी लांबूनच कोपरापासून हात जोडत होतं, कुणी ओरडत होतं, मामा, हलू नका, तिथंच बसा.

मामा परत खाली बसला. म्हणजे खरंच की काय? मग एकेक हार आठवायला लागली आणि प्रत्येक हारीत तो स्वतःला उभा दिसायला लागला. गोलकीपर पुंजारामचा पाय मोडला, तेव्हा मामा गोलच्या मागंच उभा राहून त्याला हुरूप देत होता. दवाखान्यात उचलून नेला तोही त्यानंच. पुंजाराम अजून लंगडतो, आणि अजून रस्त्यात भेटला की वाकून मामाच्या पाया पडतो. ह्याच पायांच्या. मामानं पाय धोतरात ओढून घेतले.

दुसऱ्या हाफमध्ये सितारानं गोल फेडला. मामाच्या छातीवरचा धोंडा जरासा हलला. आपल्याला बरं वाटलं, हे ध्यानात आलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जवानवर गोल झाला आणि सांडूला बरं वाटलं! पण खेळ चालला तशी ती लाजही बोथट होत गेली. जवान जिंकला, तर मामा पांढऱ्या पायाचा, कायमचा. पुंजारामचा पाय, सगळ्या हारी, सगळं त्याच्या माथी. जवान हरला, तर तो सुटला. मधला रस्ताच नव्हता.

अगदी शेवटी सिताराला पेनल्टी मिळाली. मामा पुटपुटायला लागला. घाल बाबा. घाल एकदाचा. खंडोबाचं नावसुद्धा घेतलं त्यानं. बॉल जाळ्यात गेला आणि सांडूमामा ताडकन उठला, डोक्याचा फेटा काढून त्यानं वर भिरकावला आणि गोल, गोल करत असा बोंबलला, की हमीदभाईच तोंड वासून बघत राहिला. मध्येच तो, मी नाय, माझे पाय नाय, असंही ओरडत होता. पण त्या गलक्यात समोरच्यांना दिसला तो नाचणारा मामा, आणि ऐकू गेला तो गोल.

मॅच सुटली. जवानची पोरं मातीत बसली होती, सलीम गुडघ्यात डोकं घालून रडत होता. मामा वळसा घालून आपल्या बाजूला आला. त्याला वाटत होतं, आता तरी कुणी म्हणेल, मामा, चुकलं आमचं. पोरं त्याला बघून लांब सरकली. बद्रीनाथ तेवढा पुढं आला. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"मामा," तो हळू म्हणाला, "पांढऱ्या पायाचे असला, तरी आजवर आमचे होता."

मामाला नाय म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. दुसऱ्यांच्या गोलासाठी ओरडून त्याचा घसा पार बसला होता.