कोपरे जुन्याचेच

हार्टच्या ऑपरेशननंतर घरी आल्यावर त्यांनी जमवलेल्या दगडांच्या कपाटाची किल्ली आपणहून बायकोच्या हातात ठेवली. एरवी त्या कपाटाला तिचा नुसता पदर लागला, तरी ते घर डोक्यावर घ्यायचे.

"हा चौकोनी दगड बघ. मुळात हे सोनेरी पायराइट होतं. ते कणाकणाने निघून गेलं आणि त्याच्या जागी हे तपकिरी लिमोनाइट येऊन बसलं. कोपरे, रेघा सगळं जुन्याचंच. आत मात्र जुनं काही उरलेलं नाही."

"मग जुनं गेलं कुठे?"

"कुणास ठाऊक!" ते चक्क हसले.

तिच्या हातून दगड निसटला आणि फरशीवर पडून त्याचे तुकडे झाले. तिने सवयीने डोळे घट्ट मिटून घेतले.

"तुला लागलं नाही ना गं?"

तिने डोळे उघडले. नाक तेच होतं, कपाळावरच्या आठ्याही जागच्या जागी होत्या. पण हे वाक्य तिने उभ्या संसारात ऐकलं नव्हतं. तिने फरशीवरच्या तपकिरी तुकड्यांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "एकदा ओरडा ना माझ्यावर."