न मारलेली पेनल्टी

निकाल सकाळी दहाला लागला. कोल्हापूरच्या महिला फुटबॉल चषकाची अंतिम लढत मोरे गल्लीच्या संघाने एक-शून्यने गमावली होती. दोन्ही संघांच्या सरावातल्या आकड्यांवरून आयोजकांचं यंत्र अख्खा सामना मिनिटामिनिटाने मांडत असे. त्याचा अंदाज कधी चुकत नाही म्हणून प्रत्यक्ष सामने खेळणं केव्हाच बंद झालं होतं.

यंत्राच्या अहवालात लिहिलं होतं, 'अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कर्णधार नसीम मुल्लाणीची पेनल्टी प्रतिस्पर्धी गोलरक्षक तेजस्वी इंगवलेने अडवली.'

गल्लीत कोणी नसीमशी धड बोलेना. आईसुद्धा म्हणाली, "जरा जपून मारायचीस की."

"अम्मी, मी मारलीच नाही!"

"मग त्या पोरीनं अडवली कशी?"

नसीमचे पाय मात्र खरंच चूक केल्यासारखे जड झाले होते.

संध्याकाळी ती तेजस्वीला घेऊन मैदानावर गेली. अहवालात होती तशीच तिने पेनल्टी डावीकडे मारली. तेजस्वीने झेप घेतली, पण चेंडू तिच्या बोटांना लागून जाळ्यात गेला.

नसीम आनंदाने ओरडली. तेजस्वी गळ्यातलं विजयाचं पदक मुठीत धरून जमिनीवरच बसली होती.

"आज आमचे आजोबा पहिल्यांदा मला शाबास म्हणाले गं," ती म्हणाली. "मग मी अडवली ती कुठली?"

नसीमने जाळ्यातून चेंडू आणला आणि परत पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवला.

"ऊठ," ती म्हणाली. "खेळून बघूया."