काकूंची बाजू

हेमांगीने छापलेला पहिला कागद तांब्याच्या पत्र्यावरून सोलून उजेडात धरला आणि तिला चूक दिसली. जुन्या युरोपच्या धाटणीचं हे चित्र तिने महिनाभर त्या पत्र्यावर कोरलं होतं. काळ नावाचा म्हातारा विळा उशाला घेऊन झोपलेला, इमानाचं कुत्रं मात्र जागं, आणि मधे परचुरे काका-काकू. पण पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, हेच ती नेमकी विसरली होती. काकू काकांच्या उजवीकडे गेल्या होत्या.

त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस त्याच संध्याकाळी होता, नव्याने कोरायला वेळ नव्हता. तिने तेच चित्र भेट म्हणून नेलं.

दोघं शाली पांघरून खुर्च्यांवर बसले होते. गुरुजींनी बसवल्याप्रमाणे काकू डाव्या हाताला. काकांनी चष्मा लावला. "बायको डावीकडे असते गं. हे उलटं झालंय."

हेमांगी माफी मागणार, तोच काकू म्हणाल्या, "यांचा डावा कान कधीच गेलाय. घरात मी उजवीकडेच बसते. बरोबर काढलंय हिने."

"काय म्हणालीस?" काकांनी विचारलं.

काकू उठल्या. त्यांनी आपली खुर्ची काकांच्या उजव्या हाताला नेली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.